शाईचं ब्लेंडिंग: मातकट पट्टा, गोल डाग आणि लव सुटलेला कागद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीला पाठवायला चाळीस कार्डं करायची आहेत. खाली पिवळं-केशरी, वर जाताना जांभळं आणि शेवटी गडद निळं असं सांजवेळचं आकाश, आणि त्यावर काळ्या शाईत आकाशकंदिलाचा ठसा. कागद १८० जीएसएमचा कार्ट्रिज, शाई मुलांच्या ठशांच्या सेटमधली, ब्रश मेकअपचा. पिवळं आणि जांभळं जिथे भेटतं तिथे मातकट पट्टा येतो. ब्रश पहिल्यांदा टेकतो तिथे गोल डाग राहतो. तो घालवायला घासलं की कागदाला लव सुटते. म्हणून आता महागाची शाई घ्यावी का, आणि कोणती?

शाई बदललीत तर या तीन तक्रारींपैकी फार तर एक कमी होईल, तीही निम्मीच. कागद बदललात तर लव जाईल आणि डाग बरेच कमी होतील. मातकट पट्टा मात्र कितीही भारी शाई आणलीत तरी येणारच, कारण तो रंगांच्या क्रमामुळे येतो.

मुळात ब्लेंडिंग या शब्दाने गैरसमज होतो. जलरंगात दोन ओले रंग कागदावर एकमेकांत उतरतात. इथे ब्रशवर असते ती जेमतेम ओलसर शाई. ती कागदाला लागताच आत शिरते आणि तिच्यावर पुढचा पातळ थर बसतो. थर पारदर्शक असल्याने खालचा वरच्यातून दिसतो, आणि डोळ्याला दोन्ही मिसळल्यासारखे वाटतात. घरी कंदिलाचा जिलेटिन कागद उरला असेल तर पिवळ्या तुकड्यावर गुलाबी ठेवून उजेडात धरा, झकास केशरी दिसेल. आता त्याच पिवळ्यावर जांभळा धरून बघा. तुमच्या कार्डावरचा तो मातकट पट्टा तुम्हाला तिथेच दिसेल. हे थरांचं गणित एकदा डोक्यात बसलं की घासणं आपोआप थांबतं. घासून थर मिसळत नाहीत, कागद तेवढा झिजतो.

पुढे दिलेले आकडे तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. कागद, हवा आणि मनगटाचा दाब या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहेत. कोकणात श्रावणात आणि पुण्यात ऑक्टोबरच्या उन्हात एकच शाई वेगळी वागते. न्यू जर्सीत हीटर लावून बसलेल्या माणसाची तीच शाई आणखी लवकर वाळते. क्रम मात्र सगळीकडे हाच ठेवा.

आधी कागद. कार्ट्रिज हा पेन्सिलीचा, चित्रकलेच्या वहीचा कागद. त्याला वरून दिलेली खळ, म्हणजे शाई लगेच आत शिरू न देणारा लेप, बेताची असते, त्यामुळे शाई टेकली रे टेकली की तंतूंत शिरते आणि तिथून हलत नाही. तुमचे गोल डाग पडण्याचं हे अर्धं कारण आहे. आणि खळ कमी म्हणजे तंतूंची पकडही कमी, म्हणून दहा-बारा फेऱ्यांतच बारीक गोळ्या निघू लागतात. जीएसएम म्हणजे फक्त वजन. जाड कागद म्हणजे चांगल्या पृष्ठभागाचा कागद असं समजू नका; २५० जीएसएमचाही असा भुसभुशीत कागद मिळतो.

दुकानातून एकच शीट आणून घरी दोन चाचण्या करा. एक, पाण्याचा थेंब ठेवा. तो दोन-तीन सेकंदांत जिरला तर कागद फार तहानलेला आहे. अर्धा मिनिट तसाच फुगून राहिला आणि मग हळूहळू बसला, तर खळ चांगली आहे. पुसून घेतल्यावर खाली काहीच ओल नसेल तर कागदावर गुळगुळीत थर दिलेला आहे. छपाईचा आर्ट कार्ड असा असतो. त्यावर शाई आत शिरत नाही, नुसती सरकते आणि बोट लागलं तरी पुसली जाते. दोन, ओलसर बोट एकाच जागी दहा वेळा गोल फिरवा. गोळ्या निघाल्या तर तो कागद ब्लेंडिंगचा नाही.

या चाचण्यांत सहसा पास होतात ते म्हणजे ३०० जीएसएमचा हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत, जलरंगाचा कागद आणि ब्रिस्टल स्मूथ नावाचा गुळगुळीत जाड ड्रॉइंग कागद. कोल्ड प्रेसही चालतो, पण त्याच्या खडबडीत पोतात रंग खाचांत कमी आणि उंचवट्यावर जास्त बसतो. आकाश दाणेदार दिसतं आणि बारीक नक्षीचा ठसा तुटक उमटतो. आयव्हरी कार्डाबद्दल सरसकट सांगता येत नाही. काही शीट सुंदर चालतात, काहींवर रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो, आणि दुकानदाराला तो फरक माहीत नसतो, म्हणून चाचणी कराच. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा सुती हातकागद दिसायला फार देखणा, पण कमी खळीचा असेल तर शाई टिपकागदासारखी पितो. मी तो कार्डाच्या बाहेरच्या घडीसाठी ठेवते आणि आकाश वेगळ्या तुकड्यावर करून वर चिकटवते. तुम्हीही आकाश वेगळ्या तुकड्यावरच करा. बिघडलं तर एक तुकडा जातो, अख्खं कार्ड जात नाही. कागद पांढराशुभ्र घ्या, कारण क्रीम रंगाच्या कागदावर निळा हिरवट दिसतो.

कापण्याचा हिशोब सोपा आहे. ए-४ चे चार तुकडे करा, प्रत्येक १०५ बाय १४८ मिलिमीटरचा. त्यावर आकाश करा, आणि पूर्ण वाळल्यावर चारही बाजूंनी अडीच-अडीच मिलिमीटर छाटून १०० बाय १४३ करा. काठावर बोटांचे ठसे, टेपच्या खुणा, जास्त गडद झालेली कड, सगळं या छाटणीत निघून जातं. चाळीस कार्डांना दहा शीट लागतील, बारा आणा. घडीच्या कार्डासाठी ए-४ चे दोन ए-५ करून दुमडायचे, म्हणजे वीस शीट. दुमडलेलं कार्ड ए-६ चं होतं आणि ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या सी-६ पाकिटात नीट बसतं.

आता शाई. मुलांच्या सेटमधली शाई पाण्यातली असते. तिने सराव जरूर करा, हात तिच्यावरही बसतो. पण त्या पॅडवर शाई बरीच ओली असते आणि रंग मोजके. ऑफिसच्या स्टॅम्प पॅडची शाई मात्र यात आणूच नका. पॅड सुकू नये म्हणून ती मुद्दाम न वाळणारी केलेली असते, त्यामुळे कार्डावरही ती दिवसेंदिवस बोटाला लागत राहते.

ब्लेंडिंगच्या शाईचे ढोबळ तीन प्रकार. डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. ती तंतूंत मुरते, पारदर्शक राहते, चमकदार दिसते, आणि सतत उन्हात ठेवली तर फिकी पडते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ते पृष्ठभागावर बसतात, झाकतात आणि सावकाश वाळतात. तिसरी या दोन्हींची मिळून केलेली. रेंजर कंपनीची, टिम होल्ट्झच्या नावाने येणारी डिस्ट्रेस इंक ही पाण्यावर चालणारी डाय शाई, आणि त्याच घरातली २०१७ साली आलेली डिस्ट्रेस ऑक्साइड ही डाय-पिगमेंट मिश्र. ऑक्साइड वाळल्यावर खडूसारखी मऊ, किंचित दुधाळ दिसते आणि चट्टे बरेच झाकून घेते. नवशिक्या हाताला ती सोपी जाते. डाय शाई प्रत्येक चूक उघडी पाडते, पण तिच्या रंगाला जो आतून उजळलेला भाव येतो तो ऑक्साइडला नाही. कंदिलाच्या मागचं आकाश पेटल्यासारखं हवं असेल तर मी डायच निवडेन. चाळीस कार्डं एका आठवड्यात, पहिल्यांदाच करायची असतील तर ऑक्साइड घ्या. दुसऱ्या चांगल्या कंपन्यांच्या शायाही आहेत. फक्त एका आकाशात एकाच प्रकारची शाई ठेवा, कारण एकीच्या वाळण्याचा वेग दुसरीशी जुळत नाही.

पाच रंग पुरतात: पिवळा, केशरी, रासबेरीसारखा भडक गुलाबी, जांभळा आणि गडद निळा. डिस्ट्रेसच्या नावांत सांगायचं तर मस्टर्ड सीड, स्पाइस्ड मार्मलेड, पिक्ड रास्पबेरी, विल्टेड व्हायोलेट आणि चिप्ड सफायर. मोठे पॅड घ्यायची गरज नाही, इंचभराचे मिनी पॅड चाळीस कार्डांना भागतात. पिवळा सर्वांत जास्त खर्च होतो, कारण तो उठून दिसेपर्यंत आपण लावत राहतो. रिफिलची बाटली घ्यायचीच तर त्याची घ्या.

पैसे मोजकेच असतील तर आधी कागद, मग ब्रश, मग शाई. हा क्रम उलटा करणारे बरेच दिसतात आणि तुमच्यासारखेच वैतागतात.

मेकअपचा ब्रश चालतो, पण कोणता ते बघा. केस कृत्रिम, आखूड, दाट आणि टोकाला घुमटासारखे गोल कापलेले हवेत. पावडरचा लांब, फुलासारखा ब्रश दाब दिला की पसरतो आणि कडेच्या केसांनी रेघा उठतात. नैसर्गिक केसांचा ब्रश शाई पोटात धरून ठेवतो आणि मधेच सोडून देतो. स्पंजही वापरता येतो. तो जास्त शाई ठेवतो, रंग लवकर गडद होतो, पण त्याची कड कागदावर चंद्रकोरीसारखी उमटते. भांड्यांचा स्पंज फार रखरखीत, मेकअपचा बारीक छिद्रांचा घ्या. प्रत्येक रंगाला एक ब्रश हे उत्तम. नाही जमलं तर तीन: एक पिवळा-केशरी, एक गुलाबी, एक जांभळा-निळा. मधे धुवायचे नाहीत. ओला ब्रश म्हणजे हमखास डाग. दुसऱ्या रंगाआधी जुन्या सुती फडक्यावर रंग उठेनासा होईपर्यंत पुसा. काम संपल्यावर सौम्य साबणाने धुवा आणि आडवे ठेवून पूर्ण दिवस वाळू द्या. उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरतं आणि केस धरणारा गोंद सुटतो.

आता मुख्य गोष्ट, तो पहिला स्पर्श. तुकडा एका मोठ्या, गुळगुळीत कपट्यावर ठेवा, जुनं कॅलेंडर उलटं करून घेतलंत तरी छान. खाली मास्किंग टेपचे दोन वळसे लावून तो बसवा. टेप आधी कपड्यावर चार वेळा थोपटून तिचा चिकटपणा मारा, नाहीतर काढताना कागदाची पाठ सोलते. हात धुऊन कोरडे केलेले असू द्या. हाताला क्रीम असेल किंवा चिवड्याचं तेल असेल, तर जिथे बोट लागेल तिथे शाई नीट धरत नाही, आणि ते रंग चढल्यावरच कळतं.

ब्रश पॅडवर दोन-तीन वेळा अलगद टेकवा, दाबू नका. मग कपट्यावर तीन-चार गोल फिरवून जादा शाई उतरवा. आता तुकड्याच्या बाहेर, कपट्यावरच, रुपयाच्या नाण्याएवढे गोल फिरवत फिरवत ब्रश काठावरून आत सरकवा. गालाला पावडर लावताना जेवढा दाब देतो तेवढाच द्या, केस वाकता कामा नयेत. पहिल्या चार-पाच गोलांत काहीच होत नाहीये असं वाटलं पाहिजे. पहिल्याच गोलात रंग स्पष्ट दिसला तर ब्रशवर शाई जास्त आहे, परत कपट्यावर जा. सुरुवात नेहमी काठाबाहेरून याचं कारण असं की, ब्रशवर शाई सर्वांत जास्त असते ती टेकण्याच्या क्षणी. तो क्षण कपट्यावर घालवायचा. मधल्या पट्ट्यांनाही हेच: आकाश आडव्या पट्ट्यांचं आहे, म्हणजे प्रत्येक रंगाला डावा आणि उजवा काठ आहेच. तिथूनच आत या, थेट मध्यावर ब्रश कधीच टेकवू नका.

एकदम गडद करायला जाऊ नका. एकेका रंगाला तीन ते चार वेळा शाई घ्यावी लागते आणि प्रत्येक खेपेला थोडाच फरक दिसतो. हवा तेवढा गडदपणा पहिल्या फेरीत सत्तर टक्क्यांवर सोडा. सगळे रंग लागून दोन-तीन मिनिटं वाळले की दुसरी फेरी करा. ओल्या कागदावर पुन्हा ब्रश फिरवला की लव सुटते, वाळलेल्यावर फिरवला की नुसता थर चढतो. तुमचा कार्ट्रिज सोलटण्यात या घाईचाही वाटा असणार.

आता मातकट पट्टा. पिवळी शाई उजेडातला निळा भाग गिळते. जांभळी हिरवा गिळते. दोन्ही एकावर एक आल्या की उरतो थोडासा मंद लाल, आणि तोच आपल्याला तपकिरी दिसतो. गुलाबी शाईही हिरवाच गिळते. म्हणून पिवळ्यावर गुलाबी आली की निळा आणि हिरवा दोन्ही जातात, पण लाल भरपूर उरतो आणि स्वच्छ केशरी दिसतं. गुलाबीवर जांभळी आली तर दोघींची मुख्य भूक एकाच रंगाची, त्यामुळे नवीन फारसं काही हरवत नाही आणि छटा चमकदार राहते. केशरी आणि जांभळी थेट भेटल्या तरी तपकिरीच येतं, कारण केशरीच्या पोटात पिवळा आहे. तेव्हा मधे गुलाबीचा पट्टा हवाच, आणि तो चांगला रुंद हवा.

मापात सांगते. तुकड्याची उंची १४८ मिलिमीटर. खालून पिवळा ३५ पर्यंत, केशरी २५ ते ६० पर्यंत, गुलाबी ५० ते ९५ पर्यंत, जांभळा ८२ ते १२० पर्यंत, निळा १०८ पासून वर काठापर्यंत. म्हणजे प्रत्येक शेजाऱ्यांची गाठ दहा-तेरा मिलिमीटरची, आणि केशरी जिथे संपतो तिथपासून जांभळा सुरू होईपर्यंत दोन सेंटिमीटरहून जास्त निव्वळ गुलाबी. पहिल्या दोन-तीन कार्डांना कपट्यावर तुकड्याशेजारी पेन्सिलीने खुणा करा. पुढे डोळा तयार होतो.

क्रम फिक्याकडून गडदाकडे. जांभळा वर सरकवल्यावर गुलाबीचा ब्रश घेऊन, नवीन शाई न घेता, त्या गाठीवरून पुन्हा चार-पाच गोल फिरवा. पट्ट्यांमधली रेघ मोडते ती यानेच. पण आता त्या गुलाबी ब्रशवर जांभळ्याचे अंश आहेत. तो तसाच गुलाबी पॅडवर नेलात तर पॅडचा पृष्ठभाग मळतो आणि पुढची पाच कार्डं काळवंडलेली येतात. आधी फडक्यावर पुसा, मगच पॅडला लावा. पॅड मळलाच तर वर टिश्यू दाबून उचला, घासू नका, वरची मळलेली शाई उठते.

इथवरचं थोडक्यात: खळीचा कागद, कोरडा ब्रश, काठाबाहेरून सुरुवात, मधे वाळू देऊन दोन फेऱ्या, आणि पिवळ्या-केशरीपासून जांभळ्याला दूर ठेवणारी गुलाबी.

चाळीस कार्डं एकेक पूर्ण करू नका. सगळ्या तुकड्यांना आधी पिवळा, मग सगळ्यांना केशरी, असं जा. ब्रश पुसण्याची दगदग वाचते, पहिल्या तुकड्याची शाई शेवटचा होईपर्यंत आपोआप वाळते आणि हाताचा दाब सारखा राहतो, त्यामुळे सगळी आकाशं एकमेकांची भावंडं वाटतात. दहा-दहाचे चार गठ्ठे करा. एका बैठकीत चाळीस केली तर शेवटच्या दहांत मनगट थकून दाब वाढतो, आणि डाग नेमके तिथे पडतात.

हवेबद्दल थोडं. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि मग रंग ठिकठिकाणी कमी-जास्त पितो. दिवाळीची कार्डं भाद्रपदातच करायला घेत असाल तर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दमट वाटला तर दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून मंद इस्त्री फिरवा, वाफ न सोडता. उलट पंख्याखाली बसलात तर शाई ब्रशवरच वाळत जाते आणि रंग चढेनासा होतो. काम करताना पंखा बंद, वाळवताना चालू.

कंदिलाचा ठसा आकाश पूर्ण वाळल्यावरच. ऑक्साइड असेल तर किमान अर्धा तास, दमट हवेत रात्रभर. काळ्यासाठी पिगमेंट शाई घ्या, उदाहरणार्थ व्हर्साफाइन क्लेअर या शाईतला नॉक्टर्न नावाचा काळा. काळी डाय शाई ऑक्साइडच्या खडूसारख्या थरावर राखाडी दिसते, कारण ती त्या थरात मुरते. ठशावर पॅड चार-पाच ठिकाणी टेकवून पूर्ण नक्षी चमकताना दिसली पाहिजे. मग ठसा सरळ ठेवून तळव्याने पाच सेकंद दाबा आणि सरळच उचला. डगमगला की कंदिलाच्या झिरमिळ्या दुहेरी उमटतात.

काळ्याऐवजी सोनेरी एम्बॉसिंग पावडरचा, म्हणजे तापवल्यावर वितळून उठावदार होणाऱ्या पावडरचा, कंदील करावासा वाटेल, आणि तो खरंच शोभतो. पण ही पावडर थोड्याशा ओलीलाही चिकटते, आणि ब्लेंड केलेल्या शाईत ओल बराच वेळ टिकते. अख्ख्या आकाशात सोन्याचे कण बसले की निघत नाहीत. म्हणून मलमलच्या चिंधीत टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधा आणि ठसा मारण्याआधी कागदावर अलगद थोपटा. मग पारदर्शक एम्बॉसिंग शाईने ठसा मारा, सोनेरी पावडर घाला, झटका, राहिलेले कण कोरड्या ब्रशने टिपा आणि हीट गन लावा. हेअर ड्रायर यासाठी चालत नाही. तो पुरेसा तापत नाही आणि वाऱ्याने पावडर उडवतो. गन दहा सेंटिमीटरवर धरा, पावडर वितळून चमकली की लगेच पुढे सरकवा. एकाच जागी धरली तर कागद वाकतो आणि सोनं मंद पडतं.

चांदण्यांसाठी पांढरा पोस्टर कलर दुधाएवढा पातळ करा, जुन्या टूथब्रशवर घ्या आणि अंगठ्याने केस मागे ओढून फक्त निळ्या भागावर उडवा. खालचा केशरी भाग कागदाने झाका. पाण्याच्या थेंबांची नक्षी हवी असेल तर बोटांनी पाणी शिंपडा, पंधरा सेकंद थांबा आणि टिश्यू नुसता टेकवून उचला. डाय शाईत थेंबाच्या जागी फिका गोल आणि कडेला गडद किनार येते, कारण पाणी रंगाला कडेकडे ढकलतं. ऑक्साइडमध्ये थेंब दुधाळ होतात. साध्या कार्ट्रिजवर या दोन्ही गोष्टी नीट होत नाहीत, पाणी तंतूंत पसरून नुसता ओघळ दिसतो.

एवढं करूनही काही तुकड्यांवर डाग पडतीलच. पडल्या पडल्या दिसला तर त्या भागातला सर्वांत फिका रंग ब्रशवर घेऊन डागाभोवती, बाहेरून आत, गोल फिरवा. डागाची कड मऊ होते. वाळलेल्या डागावर मात्र काही लावत बसू नका. ऑक्साइड असेल तर आधी अर्धा तास वाट बघा, वाळताना त्यातले बरेच चट्टे आपोआप बुजतात. तरी राहिला तर लक्षात घ्या की चाळीसही कार्डांवर कंदील एकाच जागी असायला हवा असं काही नाही. डाग जिथे असेल त्याच्यावर ठशाचा सर्वांत भरीव भाग येईल असा ठसा ठेवा, आणि तिथून काळ्या जेल पेनने वरच्या काठापर्यंत सरळ दोरी ओढा. कंदील तिथेच टांगायचा होता असं दिसतं.